माझ्या नावावरचं दुखणं

गावात अजूनही एखादी बाई रस्त्यात भेटली की सवयीनं आधी माझ्या तोंडाकडे पाहते आणि मग विचारते, तब्येत कशी हाय आता? मी म्हणते, बरी हाय. खोटं बोलत नाही. मला त्या वर्षी साधी सर्दीसुद्धा झाली नव्हती. दुखणं माझ्या शेजारणीचं होतं आणि विचारपूस माझी झाली. तिनं लिही म्हटलं म्हणून लिहिते आहे.

आम्ही दोघी एकाच वर्षी राळेगाव तालुक्यातल्या या गावात नांदायला आलो. घरं समोरासमोर, मधे एक बैलगाडी जाईल एवढा रस्ता. माझा नवरा वणीकडे कोळशाच्या खाणीवर गाडी चालवतो, पंधरा दिवसांनी घरी येतो. बाकी दिवस घरात मी आणि सासू. मला मूलबाळ नाही. तिच्या घरी नवरा आणि लग्नाला आलेली मुलगी. कापूस वेचायला आम्ही एकाच टोळीत जायचो, अकरा बाया. मी बारावी शिकलेली, त्यामुळे टोळीतल्या सगळ्यांचे फॉर्म भरायचं काम माझ्याकडे, आणि चुकले तर शिव्याही मलाच.

आमच्या टोळीत नंबर माणसाचा नसतो, घाईचा असतो. रेशनच्या रांगेत, नळावर, कापसाच्या काट्यावर, कुठंही. जिचं लेकरू घरी रडतं आहे ती पुढे जाते, जिला घाई नाही ती मागे सरकते. पुकारा कोणाच्याही नावाचा होवो, ओ कोणीही देते. बाकी सगळ्या गोष्टींवरून आम्ही भांडलो, पण यावरून कधी नाही.

दिवाळी झाल्यावर उपकेंद्रात बायांच्या तपासणीचं शिबिर लागलं. आमच्या गावच्या आशाताईंनी घरोघर फिरून तिशीच्या वरच्या सगळ्या बायांची नावं लिहून घेतली होती. गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी, कॅन्सर होण्याआधीच कळतो, असं त्या सांगत आणि बाया पदरात तोंड घालून हसत. आम्ही अर्ध्या दिवसाची वेचणी सोडून गेलो. व्हरांड्यात बसलो. माझं नाव पुकारलं तेव्हा शेजारीण माझा हात दाबून म्हणाली की चार वाजता पोरीला पाहायला पाहुणे येणार आहेत, आधी मला जाऊ दे. मी म्हटलं, जा. माझ्या नावाला ओ देऊन ती आत गेली. थोड्या वेळानं तिचं नाव पुकारलं तेव्हा मी गेले. आतली नर्स बाहेरगावची होती, तिला आम्ही दोघी सारख्याच. तिनं नमुना घेतला, बाटलीवर नाव चिकटवलं. घरी आले तर पाहुण्यांना पोरगी पसंत पडली होती. शेजारणीनं माझ्या हातावर साखर ठेवली.

तीन आठवड्यांनी आशाताई माझ्या घरी आल्या. माझ्या तपासणीत पेशींमध्ये बदल दिसला आहे, कॅन्सर आहे असं नाही, पण यवतमाळला मोठ्या दवाखान्यात जाऊन पुढची तपासणी करावी लागेल, असं त्यांनी हळू आवाजात सांगितलं. कितीही हळू सांगितलं तरी सासू दाराआड बसली होती. दिवे लागायच्या आत अर्ध्या गावाला कळलं.

मला काही वाटलं नाही. खरंच. वेचणीच्या दिवसांत बोंडांची टोकं लागून लागून बोटांची पेरं बधिर होतात, चहाची कपबशी गरम आहे की नाही हेही कळत नाही. तसं काहीसं आतून झालं होतं. मी भाकरी टाकल्या, भांडी घासली. सासू एकटक पाहत होती.

दुसऱ्या दिवशी शेतात माझी पात, म्हणजे वेचायची ओळ, शेजारणीच्या पातीला लागून होती. ती माझी समजूत घालत होती. त्या शिबिराला आपण गेलोच नसतो तर बरं झालं असतं, म्हणाली, मीच घाई करून राह्यलती, पाहुणे येऊन राह्यलते ना. माझा हात बोंडावरच थांबला. शिबिराचा व्हरांडा डोळ्यांसमोर आला. माझं नाव, तिची ओ.

मला आनंद झाला. हे लिहायला नको वाटतं, पण झाला. मी मोठा श्वास घेतला. तो श्वास सोडताना मी तिच्याकडे पाहिलं. ती वाकून वेचत होती आणि मला धीर देत होती.

दुपारी निंबाखाली शिदोरी सोडल्यावर बाकीच्या बाया पाण्याला गेल्या तेव्हा मी तिला सांगितलं. तिनं तोंडातला घास चावून संपवला.

"मंग ते माहं हाय?"

मी म्हटलं, असू शकते, पक्कं नाही, दोघींनाही पुन्हा तपासून घ्यावं लागेल. तिनं विचारलं, कोणाला सांगितलं? मी म्हटलं, कोणालाच नाही. मग ती बराच वेळ भाकरीचा तुकडा बोटांनी बारीक करत राहिली.

"तुह्याच नावानं राहू दे," ती म्हणाली. "पोरीचं साक्षगंध हाय पुढच्या महिन्यात. मायले अशा जागी दुखणं हाय म्हटलं तर पाहुणे माघारी जातीन. तुह्या घरी लग्नाचं कोण हाय?"

तिनं ते वाईट मनानं म्हटलं नाही. जे होतं तेच म्हटलं. पण मला त्या वाक्याचा राग आला आणि तो पुष्कळ दिवस राहिला. गावात तोवर कुजबुज सुरूही झाली होती की म्हणूनच हिला लेकरू झालं नाही, पिशवीतच दोष होता. ते ऐकायची तयारी माझी होती, कारण इतकी वर्षं तेच ऐकत आले होते. पण तिच्याही तोंडून तेच यावं, तेही भाकर खाता खाता, हे लागलं. तरी मी हो म्हटलं. नाही म्हणायला सुचलंच नाही.

नवऱ्याला सांग, एवढं मी तिला म्हटलं होतं. ती म्हणाली, त्याला सांगणं आणि दवंडी देणं एकच. ते खरं होतं. तिचा नवरा मनानं चांगला, पण त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. पानठेल्यावर बसला की घरातल्या भाजीत मीठ किती पडलं तेही सांगतो. माझ्या नवऱ्याला खाणीवर गावाला कळलं तेवढंच कळलं, आणि मीही जास्त सांगितलं नाही.

आशाताईंना मात्र आम्ही सगळं सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. नमुना काय रेशनची पिशवी आहे का, असं म्हणाल्या. मग वही उघडून त्यांनी दोन्ही नावांसमोर खुणा केल्या. "माह्या वहीत खरं नाव राहीन," त्या म्हणाल्या, "गावाच्या तोंडात कोणाचंही असो. पण तारीख चुकवायची नाई."

आमच्याकडे बाई दवाखान्यात एकटी जात नाही, सोबत लागते. तीच रीत कामी आली. आजारी मी, सोबतीण ती. तिच्या नवऱ्यानं आनंदानं पाठवलं. शेजारधर्म आहे, म्हणाला. आम्हाला एसटीत बसवायलाही आला आणि माझी पिशवी त्यानं स्वतः उचलली. त्याच्या बायकोच्या पिशवीकडे कोणी पाहिलं नाही. कळंब गेलं, यवतमाळ आलं, तोवर ती खिडकीबाहेर पाहत होती. मी तिला काही विचारलं नाही. राग होता.

दवाखान्यात आम्ही खरं सांगितलं. तिथल्या नर्सबाई रागावल्या, पण त्यांनी कागद नीट केले आणि दोघींनाही आत घेतलं. माझं सगळं ठीक निघालं. तिचं नाही. दुर्बिणीतून पाहिलं, बारीक तुकडा काढून पाठवला. तो निकाल यायला पुन्हा पंधरा दिवस.

त्या पंधरा दिवसांत माझ्या घरी जत्रा होती. टोळीतल्या बाया दोघी-दोघींनी येत. कोणी लिंबं आणली, कोणी गुळवेल, कोणी बिस्किटचा पुडा. एकीनं कुठल्याशा दर्ग्याचा धागा आणून मनगटाला बांधला आणि दुसरीनं त्याच मनगटावर देवीचा अंगारा लावला. माझ्या सासूनं लग्नानंतर पहिल्यांदा मला आंघोळीचं पाणी तापवून दिलं. बादलीत हात घालून पाहिलं, आणखी थोडं गार घातलं. मला रडू यायला हवं होतं. मी नुसती बादलीकडे पाहत उभी राहिले. एवढी माया इतकी वर्षं कुठं ठेवली होती, असं मनात आलं, आणि ती माझ्या वाट्याची नाही हेही आलं.

शेजारीणही यायची, बाकीच्या बायांसोबत, रीतीप्रमाणे. एकदा शिरा घेऊन आली. सगळ्यांसमोर तिनं विचारलं, कसं वाटते आता? मी म्हटलं, बरं वाटते. बायांनी चुकचुक केली. एक म्हणाली, अशा वेळी माणसानं मन घट्ट ठेवलं पाहिजे. शेजारणीनं मान हलवली आणि ते वाक्य आपल्यासाठी आहे असं कोणाला दिसू नये म्हणून माझ्या पायावरची गोधडी सारखी केली.

निकाल आला. कॅन्सर नव्हता, पण त्याच्या वाटेवरचं होतं. खराब भाग काढून टाकावा लागेल, म्हणाले. साखरपुडा, आमच्याकडचं साक्षगंध, झाल्यावर लगेचची तारीख घेतली. ती आत गेली, मी बाहेर बसले. कागदावर नातं विचारलं तिथं मी बहीण लिहिलं. संध्याकाळच्या गाडीनं परत येताना ती वाऱ्यानं मोडलेल्या झाडासारखी वाकून बसली होती. महिनाभर जड उचलायचं नाही, वाकून काम करायचं नाही, रक्त जास्त गेलं तर लगेच यायचं, हे डॉक्टरीणबाईंनी दोनदा सांगितलं होतं. मी तिला म्हटलं, कंबर धरली म्हणून सांग आणि पडून राहा. ती म्हणाली, कंबर म्हटलं तरी लोक कंबरेपाशी थांबत नाहीत, दोघी एकाच वेळी कशा आजारी पडल्या म्हणतील. एक दिवस प्रवासाचा थकवा म्हणून ती घरी राहिली. दुसऱ्या दिवशी वेचणीला गेली.

मला मात्र सासूनं खाटेवरून पाय खाली ठेवू दिला नाही. खाट अंगणात, उन्हात. मी धडधाकट, अंगावर गोधडी, उशाशी लिंबू. पडून पडून पाठ दुखायला लागली, तेवढंच काय ते माझं दुखणं.

आमच्या टोळीची आणखी एक रीत आहे. वेचलेला कापूस भरायला कमरेला कापडाची झोळी बांधतात, तिला ओटी म्हणतात. टोळीतली बाई आजारी पडली की बाकीच्या रोज एकेक ओटी तिच्या नावाच्या गाठोड्यात टाकतात. संध्याकाळी काट्यावर तिचंही नाव पुकारलं जातं. तिचा दिवस बुडत नाही. आणि ते गाठोडं शेतातून काट्यापर्यंत कोणी आणायचं, तर जिची जवळीक जास्त तिनं. यात विचारायचं काही नसतं.

तिसऱ्या प्रहरी मी खाटेवरून पाहिलं तर शेताकडच्या पांदणीतून ती येत होती. डोक्यावर गाठोडं, माझ्याच जुन्या हिरव्या लुगड्यात बांधलेलं. मी ते लुगडं ओळखलं. तिनं आपलं गाठोडं आधी काट्यावर टाकलं असणार आणि मग माझ्यासाठी दुसरी खेप केली असणार. ती माझ्या अंगणासमोरून गेली. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. मी उठले नाही.

दुसऱ्या दिवशीही उठले नाही. उठले असते तर लोकांनी विचारलं असतं, आणि कापूसच तर आहे, असं मी मनाशी म्हटलं. आयुष्यभर कापूस वाहिलेली बाई मी. कापूस किती हलका असतो हे मला कोणी सांगायला नको होतं. तरी म्हटलं.

तिसऱ्या दिवशी ती विजेच्या खांबापाशी थांबली. एका हातानं खांब धरला. वळली तेव्हा तिच्या नेसत्या लुगड्यावर मागे रक्ताचा डाग दिसला. मी अनवाणी धावले. तिच्या डोक्यावरचं गाठोडं धरलं आणि खाली ओढलं. तिनं सोडलं नाही. आम्ही दोघी रस्त्यात एका गाठोड्याला धरून उभ्या. मागून टोळीतल्या बाया धावत आल्या आणि मला ओरडल्या. अशा अवस्थेत कोणी ओझं धरते का, मरायचं हाय का तुले. दोघींनी माझे दंड धरले.

"जाय," शेजारीण दबक्या आवाजात म्हणाली. "खाटेवर जाय. सारे पाहून राह्यले."

आणि मी गेले. बायांनी मला आणून निजवलं, गोधडी घातली. पदर मागून ओढून घेत ती गाठोडं घेऊन काट्याकडे गेली. काट्यावर माझं नाव पुकारलं गेलं ते मला खाटेवर ऐकू आलं.

त्या संध्याकाळी मी आशाताईंना फोन केला. त्या तडक आल्या. आधी तिच्या घरी गेल्या, तिची जीभ पाहिली, पापण्या पाहिल्या, आणि तिच्या नवऱ्याला बाहेर येऊन मोठ्यानं सांगितलं की बाईचं रक्त फार कमी आहे, पंधरा दिवस शेतात जायचं नाही, वजन उचलायचं नाही, या गोळ्या, आणि उद्या सकाळी त्यांच्यासोबत दवाखान्यात. रक्त कमी असणं हे आमच्याकडे दुखणं नाही, ती बाईमाणसाची रीतच आहे. त्यानं कोणाचं लग्न मोडत नाही. सासरचे तर म्हणतात, कष्टाळू दिसते. ही युक्ती एवढी सोपी होती आणि ती आम्हा दोघींना सुचली नाही. एक बारावी शिकलेली असूनही सुचली नाही. सकाळी दवाखान्यात रक्त थांबवलं. पुढे ती पडून राहिली, पण तिला पाहायला कोणी आलं नाही. रक्त कमी असलेल्या बाईला काय पाहायचं.

उन्हाळ्यात पोरीचं लग्न झालं. मांडवात बायांनी मला खुर्ची दिली आणि काही करू दिलं नाही. पोरगी नांदायला गेली.

सहा महिन्यांची तपासणी आली ती निंदणाच्या दिवसांत. आम्ही दोघी पुन्हा एसटीनं गेलो. निकाल चांगला आला. आता वर्षानं या, म्हणाले. येताना गाडी रिकामी होती. मी तिला म्हटलं, लग्न झालं, आता तरी नवऱ्याला सांग, माझ्या डोक्यावरचं हे उतरव. कळंब गेल्यावर ती म्हणाली,

"तू खाटेवर पडली राहे ना, मले तुहा लय राग ये. गाठोड्याचा नाई. सारं गाव तुले पाहाले ये. मी आपली शिरा घेऊन ये तुह्या घरी, आन् मनात म्हणो, कोणी मले इचारा. एकदा तरी इचारा."

मी तिला म्हणू शकले असते की तुझ्या घरी लग्नाचं कोण आहे, हे वाक्य मीही विसरले नाही. म्हटलं नाही. तिचा राग ऐकल्यावर माझ्यापाशी ठेवलेला राग मी शोधला तर तो तिथं नव्हता. एवढे महिने मी आजारपण सांभाळलं, तारखा सांभाळल्या, तोंड सांभाळलं. पण तुला कसं वाटतं, हे मी तिला एकदाही विचारलं नव्हतं. मलाच तेवढं माहीत होतं आणि मीच विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शिरा केला. सासूनं विचारलं, कोणाकडे? मी म्हटलं, समोर, आजारी माणसाला पाहायला. सासूनं शिऱ्यावर ताटली झाकून दिली. मी डोक्यावर पदर घेऊन रस्ता ओलांडला. तिचा नवरा ओसरीवर दोर वळत बसला होता. ती तांदूळ निवडत होती. पाहायला गेलेली बाई बसते तशी मी तिच्यासमोर बसले, वाटी पुढे ठेवली आणि विचारलं,

"कसं हाय वं आता?"

ती सवयीनं बरं हाय म्हणणार होती. मग तिनं ओसरीकडे पाहिलं. त्याचे हात दोरावर थांबले होते. तिनं सूप बाजूला सारलं आणि पहिल्या दिवसापासून सांगायला लागली. शिबिरापासून. मी मधे मधे विचारत होते, मग काय झालं, फार दुखलं का, भीती वाटली का, जणू मी तिथं नव्हतेच. भीतीचं विचारल्यावर ती थांबली आणि म्हणाली, हो, लय.